मंगळावर अडकलेल्या चौघांना परत आणायचं: सोसायटीच्या हॉलमध्ये पाच तासांचा बचाव-खेळ कसा बसवावा

अवकाशयानाच्या चमूचा खेळ बसवायचा म्हटलं की बहुतेक जण थेट ग्रहावर उतरण्यापासून सुरुवात करतात. तिथेच खेळ फसतो. शत्रूसारख्या ग्रहावरचा बचाव उतरण्याआधीच जिंकलेला किंवा हरलेला असतो. किती हवा उरली आहे, किती वजन वर नेता येईल, कोणाला कधी काय सांगितलं, यावर सगळं ठरतं. म्हणून इथे निम्मा वेळ तयारीला दिला आहे आणि आकडे असे बसवले आहेत की तयारीतली चूक तीन तासांनी अंगावर येते.

ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीचा क्लबहाऊस, त्याला लागून एक छोटी खोली (सोसायटीचं ऑफिस चालेल) आणि खालचं स्टिल्ट पार्किंग एवढी जागा पुरते. खेळाडू दहा: सहा जणांचा बचाव चमू आणि चार अडकलेले. शिवाय एक सूत्रधार, एक घड्याळ सांभाळणारा आणि 'पृथ्वी' म्हणून बसणारा एक. वय १२ च्या पुढे. रविवारी सकाळी १० ला सुरू केलं तर ३ पर्यंत संपतं.

परिस्थिती

ग्रह मंगळ, ठिकाण हेलास. हे दक्षिण गोलार्धातलं सुमारे २,३०० किलोमीटर रुंद आणि ७ किलोमीटर खोल खोरं. ही जागा मुद्दाम निवडली आहे. खोल असल्यामुळे तिथली हवा मंगळाच्या मानाने दाट, म्हणजे उतरताना वेग कमी करायला मदत होते. पण धुळीची वादळंही याच भागात वारंवार उठतात. दाट म्हणजे किती, तर ठाण्यात हवेचा दाब १,००० मिलिबारच्या आसपास असतो, हेलासच्या तळाशी जेमतेम १२. गुरुत्वाकर्षण आपल्या ०.३८ पट. हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड.

चौघे जण एका निवाऱ्यात अडकले आहेत. त्यांचं परतीचं यान निकामी झालं आहे. एकाचा पाय मोडला आहे आणि तो शुद्धीवर नाही. निवाऱ्याची यंत्रणा सांभाळणारा नेमका तोच. बचाव चमूचं मोठं यान मंगळाभोवती फिरतंय, एक फेरी दोन तासांची. त्याला जोडलेलं एक छोटं उतरयान आहे.

सुरुवातीला चमूला एकच संदेश द्या: "चौघे जिवंत. एक जखमी. ऑक्सिजन १२ किलो शिल्लक." यापेक्षा एक शब्द जास्त नको.

सापळा कुठे आहे

माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. चौघांना ३.३६ किलो. १२ ला ३.३६ ने भागा: साडेतीन दिवसांहून थोडं जास्त, म्हणजे ८५ तास. चमू हा हिशोब पहिल्या पाच मिनिटांत करतो आणि निवांत होतो.

पण माणूस दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तो शोषायला निवाऱ्यात लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे आहेत. १ किलो लिथियम हायड्रॉक्साइड ०.९२ किलो वायू शोषतं. निवाऱ्यात ते १० किलोच उरलंय. म्हणजे ९.२ किलो वायू, चौघांसाठी २.३ दिवस, ५५ तास. ऑक्सिजन शिल्लक असताना माणसं दगावतील. हा आकडा फक्त अडकलेल्यांच्या कार्डावर लिहा आणि त्यांना सूचना द्या की विचारल्याशिवाय सांगायचा नाही. यात अन्याय काही नाही. ज्याला ही यंत्रणा कळते तो बेशुद्ध आहे, बाकीच्यांना हा प्रश्न सुचलेलाच नाही.

खेळातल्या १० व्या तासाला (खेळातले तास खऱ्या तासांपेक्षा वेगाने धावतात, ते पुढे 'घड्याळ'मध्ये) वादळाचा अंदाज सगळ्यांना उघड सांगा: ४६ व्या तासाला सुरू, ६६ ला संपेल. ज्या चमूने शोषकाबद्दल विचारलेलं नाही तो म्हणतो, "८५ तास आहेत ना, वादळ जाऊ दे, मग उतरू." त्यांना थांबवू नका. सूत्रधाराने इथे भुवई जरी उंचावली तरी खेळ संपला.

एक काचेची बरणी चवळीची (८५ दाणे, ऑक्सिजन) आणि एक राजम्याची (५५ दाणे, शोषक) भरून अडकलेल्यांच्या खोलीत ठेवा. खेळातला प्रत्येक तास संपला की दोन्हींतून एकेक दाणा काढायचा. दाणे आदल्या दिवशी दोघांनी वेगवेगळे मोजा; तीन-चार दाण्यांची चूक शेवटी एखाद्याच्या जिवावर बेतते आणि मग वाद होतात. ५५ नंतर लगेच मृत्यू नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड ३ टक्क्यांच्या पुढे गेला की डोकं दुखतं, धाप लागते. १० टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते. खेळात ५५ नंतर दर दोन तासांनी अडकलेल्यांपैकी एकाचं लिहिणं-बोलणं बंद करा.

घड्याळ

तयारीच्या टप्प्यात खरं १ मिनिट म्हणजे खेळातली १५ मिनिटं. ३८ व्या तासाला उतरयान सुटतं, म्हणजे तयारीला खरी १५२ मिनिटं मिळतात. मग अर्धा तास घड्याळ थांबवून खाणं. (पोहे किंवा इडली ठेवा. मिसळीने हात आणि नकाशे दोन्ही तेलकट होतात.) त्यानंतर १ मिनिट म्हणजे ५ मिनिटं. हे दोन वेग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि बोलताना 'खेळ-तास' आणि 'खरा तास' असंच म्हणायची सवय लावा. सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो.

अडकलेल्यांशी संपर्क फक्त मोठं यान त्यांच्या डोक्यावर असताना: दर दोन खेळ-तासांनी १० मिनिटं. तयारीच्या वेगात हे दर ८ मिनिटांनी ४० सेकंद होतात. या ४० सेकंदांत दोन्ही खोल्यांमधलं दार उघडं, एकच माणूस बोलणार, पाटीवर लिहिलेलंच वाचणार. चांगला प्रश्न असा: "हवेशी संबंधित प्रत्येक मीटरचा आकडा वाचा, युनिटसकट." वाईट प्रश्न: "तुम्ही कसे आहात?" त्याला अडकलेले उत्तर देतात, ४० सेकंद संपतात, पुढची ८ मिनिटं हातात काही नाही.

पृथ्वीशी अंतर २१.६ कोटी किलोमीटर धरा. प्रकाशाला एका दिशेने १२ मिनिटं. चिठ्ठी डब्यात टाकायची, घड्याळवाला ती तयारीच्या टप्प्यात ४८ सेकंद आणि उतरल्यावर जवळजवळ अडीच मिनिटं अडवून धरतो, मगच पृथ्वीला देतो. उत्तरही तसंच अडतं. चिठ्ठीवर सुटल्याची वेळ नसेल तर ती परत करा.

भूमिका

कमांडर, पायलट, डॉक्टर, मेकॅनिक, रेडिओ (संपर्क सांभाळणारा) आणि हवा (हवेचा हिशोब ठेवणारा). शेवटची भूमिका सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कंटाळवाणी वाटणारी; ती वर्गात शांत बसणाऱ्या, पण हिशोब पक्का असणाऱ्या मुलीला किंवा मुलाला द्या. कमांडर सगळं स्वतः ठरवायला लागला तर घड्याळवाल्याने त्याला १० मिनिटं 'झोपायला' पाठवायचं, खऱ्या मोहिमांतही विश्रांतीची पाळी असतेच. आईवडील हॉलमध्ये असतील तर त्यांना चहाकडे वळवा. "अरे, शोषकाचं विचार ना" असं मागून कुजबुजणारे बाबा चमूचं फार नुकसान करतात.

दाबाचा निर्णय

तयारीतला सर्वांत खोल मुद्दा हाच, म्हणून सविस्तर.

अवकाशसूटच्या आत दाब फक्त सुमारे ३० किलोपास्कल असतो, शुद्ध ऑक्सिजनचा. जास्त ठेवला तर सूट फुग्यासारखा ताठरतो, बोटं वळत नाहीत. पण १०१ किलोपास्कलच्या, म्हणजे पृथ्वीवरच्या नेहमीच्या दाबाच्या खोलीतून माणूस थेट त्यात गेला तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, खोल पाण्यातून झटकन वर आलेल्या डायव्हरला होतात तसे. म्हणून आधी शुद्ध ऑक्सिजनवर श्वास घेऊन नायट्रोजन बाहेर काढावा लागतो, सुमारे ४ तास. अमेरिकी शटलमध्ये यावर उपाय होता: केबिनचा दाब दिवसभर आधी ७० किलोपास्कलवर आणून ठेवायचा, मग सूटमधली तयारी ४० मिनिटांवर येते.

खेळात नियम असा: सलग २४ तास ७० वर राहिलेल्याला ४० मिनिटं, नाहीतर ४ तास. आणि हा नियम अडकलेल्यांनाही लागू. त्यांनाही सूट घालून बाहेर पडायचंच आहे.

आता हिशोब बघा. उतरयान ३८ ला सुटून ३९ ला जमिनीवर. ४० मिनिटं तयारी. निवाऱ्यापर्यंत २ किलोमीटर, ताशी अडीच किलोमीटरने ४८ मिनिटं. पोचले ४०:२८ ला. जखमीला बांधणं, चौघांना सूट, त्यातच त्यांची ४० मिनिटं, सगळं मिळून दीड तास. स्ट्रेचरसह परत, ताशी १ किलोमीटर, २ तास. ४३:५८ ला उतरयानापाशी. मोठं यान ४६ ला डोक्यावर येतं तेव्हा उड्डाण. चढायला, दार लावायला दोन तास हातात. वादळ त्याच क्षणी येतं.

यासाठी उतरणाऱ्यांनी आपला दाब १५ व्या तासाआधी कमी करायला हवा आणि अडकलेल्यांना तो निरोप १६ व्या तासाच्या संपर्कात पोचायला हवा, म्हणजे खेळ सुरू झाल्यापासून खऱ्या ६४ मिनिटांच्या आत. त्यानंतर कितीही हुशारी केली तरी गेलेली वेळ परत येत नाही.

चमूने स्वतःचा दाब कमी केला पण निरोप द्यायला विसरला, हे सर्वाधिक घडण्यासारखं. मग निवाऱ्यात ४ तास जातात, ते ४४:२८ ला बाहेर पडतात आणि शेवटची २८ मिनिटं वादळात सापडतात. धुळीत चालण्याचा वेग निम्मा, म्हणजे त्या २८ च्या ५६ होतात.

सूटचा हिशोब बाहेर पडल्यापासून: मुख्य साठा ८ तास, राखीव अर्धा तास. स्ट्रेचर उचलण्याचा प्रत्येक तास दीड तास धरायचा, श्रमात श्वास वाढतो म्हणून. पूर्ण तयारी असलेला चमू ५ तास १८ मिनिटं वापरतो. गुहांमध्ये बुडी मारणारे पाणबुडे एक तृतीयांश हवा जाताना, एक तृतीयांश येताना आणि एक तृतीयांश राखीव ठेवतात. ८ तासांचे दोन तृतीयांश ५ तास २० मिनिटं, म्हणजे हा चमू त्यात जेमतेम बसतो. आणि निरोप विसरलेला चमू? ४८ मिनिटं, अधिक ४ तास, अधिक ३ तास, अधिक वादळाची जादा ४२ मिनिटं. बरोबर साडेआठ तास. राखीवसकट शून्य. वाटेत कोणाचा बूट जरी सुटला तरी संपलं.

वादळाबद्दल एक चूक नक्की टाळा. मंगळावरचा वारा माणसाला उडवत नाही. तिथली हवा आपल्या हवेच्या साठाव्या भागाइतकी विरळ धरली तर ताशी १०० किलोमीटरचा वारा आपल्याकडच्या ताशी १३ किलोमीटरच्या झुळुकीएवढाच ढकलतो. धोका धुळीचा आहे: दिसत नाही, सौर पट्ट्या अंधारतात. २०१८ च्या वादळात मंगळावरची ऑपॉर्च्युनिटी ही यंत्रगाडी अशीच गप्प झाली. म्हणून वादळ आलं की हॉलचे पंखे फुल करू नका, दिवे घालवा.

वजन

मंगळाच्या जमिनीवरून कक्षेत जायला सेकंदाला सुमारे ४.१ किलोमीटर वेग मिळवावा लागतो. मिथेन-ऑक्सिजनच्या चांगल्या इंजिनाने १ किलो वर न्यायला साधारण २.२ किलो इंधन जातं. उतरयान वर येताना ६०० किलो माणसं उचलतं. एक माणूस १०० किलो: ७५ तो स्वतः, २५ सूट. पाठीवरचे हवेचे संच जमिनीवरच टाकायचे, अपोलोचे अंतराळवीर चंद्रावर टाकत तसे.

चौघे अडकलेले, म्हणजे उतरणारे दोघेच. तिसरा न्यायचा असेल तर २२० किलो जादा इंधन हवं आणि टाकीत जागा आहे १५० ची, त्यात ६८ किलोच भागतं. उरलेले ३२ किलो उतरयानातून उपटून काढावे लागतील: खुर्च्या, कपाटं, नमुन्यांची पेटी. मेकॅनिकला यादी द्या, प्रत्येक वस्तूचं वजन लिहून. धक्के शोषणारे पट्टे काढले तर उड्डाणात जखमीला त्रास होईल हेही लिहा. आसनांचा हा प्रश्न काल्पनिक नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अवकाशस्थानकाला जोडलेल्या सोयुझ एमएस-२२ या रशियन यानातून शीतक (यंत्रणा थंड ठेवणारा द्रव) गळालं, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये रिकामं एमएस-२३ वर पाठवलं गेलं; आणि मधल्या काळात अमेरिकी अंतराळवीर फ्रँक रुबिओचं शरीराच्या मापाचं आसन-अस्तर दुसऱ्या यानात हलवून ठेवलं होतं. २००९ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला अटलांटिस गेलं तेव्हा एन्डेव्हर चौघांच्या चमूसह बचावासाठी सज्ज ठेवलं होतं, अडकलेच असते तर सात जणांना आणायला.

निवाऱ्याच्या अगदी शेजारी का उतरायचं नाही, हे कोणीतरी विचारेलच. अपोलो १२ हे चंद्रावर आधीच उतरलेल्या सर्व्हेयर ३ या मानवरहित यानापासून सुमारे १६० मीटरवर उतरलं, तरी इंजिनाने उडवलेल्या धुळीने ते जुनं यान खरवडलं गेलं. निवारा फाटला तर वाचवायला कोणी उरणार नाही. २ किलोमीटर म्हणजे किती हे सांगायला वाशीचा खाडीपूल दाखवा. तो सुमारे १.८ किलोमीटर आहे, त्याहून थोडं जास्त, तेही सूट घालून.

दुसरी वाट

हुशार चमू मोठ्या यानातले शोषक डबे खाली नेऊन वादळ निवाऱ्यातच काढायचं ठरवेल. चालू द्या, हिशोब बसतो: सहा जणांना ४२ पासून ६६ तासांपर्यंत साधारण साडेसहा किलो लागतं आणि ऑक्सिजनही पुरतो. पण यानातले डबे चौकोनी आणि निवाऱ्याची नळी गोल ठेवा. १९७० मध्ये अपोलो १३ वर हेच झालं आणि पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सूटच्या नळ्या आणि चिकटपट्टी यांनी जोडणी केली गेली. मेकॅनिकला बुटांचा खोका, हार्डवेअरच्या दुकानातली दीड इंची लवचीक नळी, खाकी टेप आणि एक मोजा द्या. २० खरी मिनिटं. नळीतून फुंकर मारल्यावर खोक्याच्या सांध्यांजवळ धरलेली कागदाची पट्टी हलली नाही, तर पास. सांधे बहुतेक कोपऱ्यांवर गळतात. टेप आडवी लावून मग उभी लावली की थांबतात.

उतरल्यावर

निघण्याआधी कमांडरकडून लेखी घ्या: कोणत्या चार परिस्थितींत मोहीम सोडून परत यायचं. उदाहरणार्थ, कोणाच्याही सूटमध्ये अर्धा साठा संपण्याआधी निवारा दिसला नाही, तर. हे कागद भिंतीवर लावा. खाली गेल्यावर हे ठरवायला बसलं की कोणीच मागे फिरत नाही, आणि मग अडकलेल्यांची संख्या चारवरून सहा होते.

चालणं स्टिल्ट पार्किंगमध्ये. ४८ मिनिटं म्हणजे खरी दहा मिनिटं गोल फिरणं, परतीची २ तास म्हणजे २४ मिनिटं. स्ट्रेचरवर तांदळाची २५ किलोची गोणी, चौघांनी धरायची. जिवंत माणूस ठेवू नका. खरा जखमी, सूट आणि स्ट्रेचर मिळून १५० किलो धरले तर मंगळावर तो ५७ किलोसारखा हलका वाटेल, पण वळताना आणि थांबताना १५० चाच जोर लावावा लागेल. चमूला वळणावर मोजून तीन पावलं आधी थांबायला लावा. वॉचमन काकांना आदल्या दिवशी सांगा, त्या अर्ध्या तासात गाड्या रिव्हर्स येणार नाहीत एवढं बघायला. एप्रिल-मेमध्ये हा भाग नको, पावसाळ्यात फरशी निसरडी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

सूट म्हणजे बाइकचं पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, काच वर करूनच, आणि दोन जोड हातमोजे: आत सुती, वर जाड रबरी. स्ट्रेचरच्या पट्ट्यांना एम-८ चे बारा नट-बोल्ट लावा. आधी उघड्या हातांनी आणि मग हातमोज्यांनी वेळ मोजून घ्या, आणि दुसराच आकडा योजनेत धरायला सांगा. नट खाली पडला की तो गेला. दोन जास्तीचे नेलेत का, हे मेकॅनिकच्या यादीत आधीच दिसायला हवं.

चेहऱ्यावर प्लॅस्टिक कधीही नाही. धुराच्या दृश्यासाठी बंद एसी हॉलमध्ये ड्राय आइस नाही. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइडच आहे.

मधल्या वेळात अडकलेल्यांची खोली रिकामी बसू देऊ नका, नाहीतर ते मोबाइल काढतात. त्यांना दाणे काढायचं, जखमीची नाडी दर खेळ-तासाला लिहायचं आणि ६० पानी वहीत नोंद ठेवायचं काम द्या. डॉक्टरला ती वही खाली पोचल्यावरच मिळते.

एकदा खेळलेले परत आले तर आकडे उलटवा: ऑक्सिजन ९ किलो, लिथियम हायड्रॉक्साइड १८. आता ऑक्सिजन ६४ तासांत संपतो, शोषक ९९ पर्यंत पुरतं, आणि वादळ थांबायला ६६ वाजतात.